मुशीतली काच

धारवाडचा पावसाळा किती दमट असतो, हे ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना सांगून पटणार नाही. त्यातून मी वकील, म्हणजे माझं तसंही कुणाला पटत नाही. तरी सांगतो. जून सरला की बरणीतल्या मिठाचं पाणी होतं. काडेपेटीतली काडी ओढली की पेटत नाही, नुसती लाजते. एका श्रावणात माझ्या कोर्टाच्या काळ्या कोटावर अळंबी उगवली होती, आणि समोरच्या वकिलानं ती आपल्या अशिलाच्या जमिनीतली असल्याचा दावा लावला होता. अशा गावात राहून माणसानं कशावर संशोधन करावं? मीठ-मिरचीवर करावं, अळंबीवर करावं. आमचे शेजारी मुगदकर सर हवेतलं पाणी पिणाऱ्या काचेवर करत होते.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. सप्तापुरात आमच्या घराला लागून त्यांचं घर. नरहर मुगदकर, विद्यापीठात फिजिक्स शिकवायचे. ताडासारखे उंच, आणि मान कायम जरा पुढं काढलेली, जणू जगात सगळीकडं काचेचं दार असून ते लागेल की काय अशी भीती. गल्लीतली पोरं त्यांना ‘गाजिन मास्तर’ म्हणायची. कन्नडात गाजु म्हणजे काच. सरांना ते नाव ठाऊक होतं आणि आवडत होतं. एकदा पोस्टमननं पत्त्यावर नुसतं ‘गाजिन मास्तर, सप्तापूर’ लिहिलेलं पाकीट आणून दिलं, तेव्हा त्यांनी ते आठवडाभर शर्टाच्या खिशात मिरवलं.

खिडकीची काच वाळूची असते, एवढं मलाही माहीत होतं. सरांची काच टाकणखाराची. सोनार डाग लावायला, म्हणजे दागिना सांधायला वापरतो तो टाकणखार, आणि आपण कॅरमबोर्डावर टाकतो ती बोरिक पावडर. ही दोन भट्टीत वितळवायची, लालभडक पाक झाला की पितळेच्या पाटावर ओतायचा, वरून दुसरा पाट दाबायचा, की झाली काचेची चकती. मग तिच्यातून वीज किती जाते, ती कशानं वाढते, हे मोजायचं. पुढंमागं अशा काचेतून विजेच्या बॅटऱ्या होतील, असं सर म्हणायचे. मी म्हणायचो, होतील तेव्हा माझ्या रेडिओला आधी एक द्या. पण ही काच मोठी नाजूक प्रकृतीची. हवेतला ओलावा पिऊन आठवडाभरात दुधी व्हायची, मग चिकट व्हायची, मग सरांचं तोंड पाहवत नसे. त्यांच्या खिडकीत बशांची रांग असायची आणि प्रत्येक बशीत एकेक तुकडा आपले शेवटचे दिवस मोजत पडलेला असायचा. घरात पाहुण्यांना चहा नुसत्या कपातून मिळे. सरांच्या पत्नी सुमतीवैनी म्हणायच्या, “बशा आजाऱ्यांना दिल्यात हो, वकीलसाहेब. ते बरे झाले की परत मिळतील.”

सरांच्या खिशात काळसर काचेच्या दोन चकत्या असत. समोर कुठलंही काचेचं भांडं आलं की एक चकती त्याच्या मागं, एक पुढं धरून ते त्यातून बघत. भांडं नीट निववलेलं असेल तर काही दिसायचं नाही. घाईनं गार केलेलं असेल तर आत मोरपिसासारखे रंग उमटायचे. ते रंग म्हणजे काचेच्या पोटातला राग, असं त्यांचं म्हणणं. “वरून थंड, आत चिडलेली. अशी काच आज ना उद्या फुटते. कारण लागत नाही.”

आमच्या कोपऱ्यावरच्या उडपी हॉटेलात ते एकदा भटांच्या काउंटरवरचे ग्लास असे तपासत बसले. एका ग्लासाकडं बोट करून म्हणाले, “ह्यात चहा घालू नका.” भट हसले, चहा घातला, आणि ग्लास भाकरी मोडावी तसा मोडला. त्या दिवसापासून भट सरांना बघितलं की ग्लासांवर पंचा टाकायचे. “एन् सर, नीवु नोडिद्र गाजु ओडीतद!” सर, तुम्ही नुसतं बघितलं तरी काच फुटते म्हणून. मी ही हकीकत बार रूममध्ये सांगितली तेव्हा मोडलेले ग्लास अकरा झाले होते आणि दोन माणसं भाजली होती. पण एक ग्लास मोडला हे खरं.

निववणं हा सरांचा धर्मच होता. काच ओतली की ती दुसऱ्या, मंद भट्टीत ठेवून दिवसभर हळूहळू निवू द्यायची, तर ती शांत होते. सरांनी हाच नियम सगळ्या संसाराला लावला होता. चहा झाकून ठेवायचा, निवू द्यायचा. मुलगा मॅट्रिकला पहिल्या वर्गात आला ते वैनींनी सोमवारी सांगितलं, सरांनी पेढे बुधवारी आणले. विभागप्रमुख एकदा सगळ्यांसमोर काही टोचून बोलले. सर तिसऱ्या दिवशी त्यांना जिन्यात गाठून अगदी मऊ आवाजात म्हणाले, “परवा तुम्ही म्हणालात ते चूक होतं.” तोवर प्रमुख बिचारे काय म्हणालो तेच विसरले होते. दोन दिवस आठवत बसले, आणि आठवल्यावर झोप उडाली म्हणे.

आता गिरिजाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यापासून आहे. गिरिजा पोतदार, हुबळीच्या सोनाराची मुलगी, सरांकडं पीएच.डी. करत होती. बुटकी, चटपटीत, आणि भट्टीपाशी उभी राहिली की सरांनाही “बाजूला व्हा की सर” म्हणणारी. तिच्या पहिल्याच वर्षी विभागातली वितळवायची भांडी संपली. चांगली भांडी परदेशातून येणार, अर्ज दिल्लीला गेलेला, दिल्ली झोपलेली. भट्टी थंड पडली. गिरिजा शनिवारी हुबळीला गेली आणि सोमवारी पदरात बांधून वडिलांच्या दुकानातल्या मुशी घेऊन आली. मूस म्हणजे सोनं वितळवायची मातीची वाटी. सरांनी ती उलटीपालटी करून बघितली.

“ह्यात होईल?”

“सोनं होतंय की सर. काच काय सोन्यापेक्षा मोठी लागून गेली?”

झाली. आणि नुसती झाली नाही. त्या मुशीतली पहिली चकती जूनमध्ये खिडकीत ठेवली ती जुलैत तशीच. ऑगस्टात तशीच. शेजारच्या बशांतले तुकडे एकेक करून दुधी झाले, चिकट झाले, गेले. ही आपली सकाळच्या उन्हासारखी स्वच्छ. सर दिवसातून पंचवीस वेळा खिडकीशी जात. मी गावात बातमी पसरवली, म्हणजे ते काम मी चांगलं करतो. महिन्याभरात लोक येऊ लागले. एका गृहस्थांना तिचा चष्मा पाहिजे होता. आमचा गवळी येऊन बशीपुढं हात जोडून गेला आणि जाताना म्हणाला, पाणी आत घेत नाही म्हणजे देवाची काच. मी म्हटलं, बाबा, ती तुझ्या धंद्याच्या विरुद्ध आहे.

सरांनी निबंध लिहिला, परदेशी मासिकात छापून आला. आता प्रोफेसर होणार, असं सगळे म्हणू लागले. गिरिजाचा प्रबंध त्याच काचेवर ठरला. मी सरांना इतकं आनंदात कधीच पाहिलं नव्हतं. पेढे मात्र तेव्हाही दोन दिवसांनी.

मग दिल्ली जागी झाली. प्लॅटिनमची मूस आली. वाटीएवढी, पण मोलाची इतकी की रोज संध्याकाळी मोजून तिजोरीत जायची. खंडेनवमीला विभागात आयुधपूजा असते. यंत्रांना, भट्टीला, कात्री-पकडीला हळदीकुंकू लागतं. शिपायानं भक्तीनं प्लॅटिनमच्या मुशीला कुंकवाचं बोट लावलं तसे सर एवढ्या जोरात ओरडले की पुरोहितांचा मंत्र तुटला. “एन्री सर, देवर पूजे!” शिपाई म्हणाला. देवाची पूजा आहे हो. सर नरमले, हात जोडले, आणि मग स्वतःच्या धोतराच्या सोग्यानं ते कुंकू पुसून काढलं. त्यात काही मिसळता कामा नये.

त्या हिवाळ्यात गिरिजानं तीच काच प्लॅटिनममध्ये केली. पुढच्या जूनमध्ये खिडकीत ठेवली.

जुलैतली एक दुपार. कोर्टाला सुट्टी होती, मी कट्ट्यावर बसून पान लावत होतो. सर आले, मागून गिरिजा. तिच्या हातात दोन बशा. एकीत मातीच्या मुशीतला जुना तुकडा, लख्ख. दुसरीत चाटून ठेवलेल्या खडीसाखरेसारखं काहीतरी.

“बघा,” सर म्हणाले.

“काय बघू? एक जुनी, एक नासकी.”

“दोन्हींत माल तोच. वजन तेच. भट्टी तीच, हात हिचाच. भांडं तेवढं निराळं.” ते खाली बसले. “काचेनं मूस खाल्ली, वकीलसाहेब. तापलेला टाकणखार मातीला सोडत नाही. मुशीची माती काचेत उतरली, आणि त्या मातीमुळं काच टिकली. मी छापलं की ही टाकणखाराची शुद्ध काच आहे. नाही ती.”

“दर वेळी मूस आतून पातळ व्हायची,” गिरिजा हळू म्हणाली. “मला दिसायचं, सर. पण आमच्या दुकानात मूस झिजतेच. झिजली की टाकायची, दुसरी घ्यायची. त्यात काही सांगण्यासारखं आहे हे मला कधी वाटलंच नाही.”

सोनाराच्या घरात जन्मलेल्या मुलीलाच ही चूक करता आली असती. दुसरं कुणी झिजलेली मूस बघून दचकलं असतं. आणि सर? सरांनी मुशीकडं कधी बघितलंच नव्हतं. ते काचेकडं बघत होते.

मी पान तोंडात टाकलं. “मग अडलंय कुठं? गप्प बसा. तुमच्याशिवाय हे जगात कुणाला ठाऊक आहे?”

“मला.”

“तुम्ही साक्षीला येऊ नका म्हणजे झालं.”

सर हसले नाहीत. गिरिजा मात्र पुढं झाली. “गप्प कशाला बसायचं, काका? सांगून टाकू. मुशीतली माती उतरली म्हणून ती टिकते, असंच लिहू, सर. आता प्लॅटिनमच्या मुशीत माती मोजून घालू. किती घातली की किती टिकते, वीज किती कमी होते, सगळं काढू. माझा प्रबंध तोच.”

“गवळी दुधात पाणी घालतो,” सर म्हणाले, “आणि पकडला की म्हणतो, किती घातलं ते मोजून सांगतो. भेसळ ती भेसळ.”

“पण ह्या भेसळीनं दूध नासत नाही की, सर!”

मी आयुष्यभर कोर्टात युक्तिवाद ऐकले. एवढा नेमका एकही ऐकला नाही. कुठल्याही न्यायाधीशानं तिथल्या तिथं तिच्या बाजूनं निकाल दिला असता. सर बशीकडं बघत राहिले.

“ती काच माझी नाही,” ते म्हणाले, आणि उठले.

चहा निववणारा, राग निववणारा, आनंदसुद्धा दोन दिवस झाकून ठेवणारा हा माणूस. त्या दुपारी मात्र तो सरळ घरात गेला, मासिकाला निबंध मागं घेत असल्याचं पत्र लिहिलं, आणि छत्रीसुद्धा न घेता भुरभुर पावसात पोस्टात टाकून आला. जाताना मी फाटकात आडवा आलो. म्हटलं, “सर, निदान परवापर्यंत थांबा.” तर म्हणाले, “खोटं निवू द्यायचं नसतं.” मी फाटकातून बाजूला झालो. वकिलानं वाट सोडावी असं क्वचितच होतं, आणि नेमकं तेव्हा व्हायला नको होतं.

प्रोफेसरची जागा दुसऱ्याला गेली. त्याचं सरांना काही वाटलं नाही, खरंच नाही. पण गिरिजाचा प्रबंध पहिल्यापासून सुरू झाला. शुद्ध काच, शुद्ध भांडं, आणि धारवाडची हवा. दिवाळीनंतर काम सुरू करायचं, मृगाला बंद. एखाद्या मोजणीच्या मध्येच चकती दुधी व्हायची, की पुन्हा भट्टी. तिनं तक्रार केली नाही. एकदा फक्त माझ्या बायकोला म्हणाली, “काकू, मी काच करत नाही, बर्फ करते.” असं दोन वर्षं चाललं. मग हुबळीहून तिचे वडील आले. साधा, हसरा माणूस. म्हणाले, “सर, स्थळ चांगलं आलंय. अजून किती दिवस लागतील?” सरांना खोटं बोलता येत नव्हतं. ते म्हणाले, “सांगता येत नाही.”

लग्नात सरांनी तिला काचेचे डझनभर ग्लास दिले. दुकानदाराला वेड लागायची पाळी आणून, एकेक ग्लास चकत्यांतून बघून निवडलेले. एकाच्याही पोटात राग नव्हता. प्रबंध राहिला तो राहिलाच.

पुढं सर शिकवत राहिले, वर्गात चांगले, प्रयोगशाळेत गप्प. खिडकीतल्या बशा स्वयंपाकघरात परत गेल्या. वैनींनी मला त्या बशीतून चहा दिला तेव्हा मी बशी बाजूला सारून कपानंच प्यायलो. निवृत्तीच्या सुमारास विद्यापीठात बाहेरचे कोणी शास्त्रज्ञ व्याख्यानाला आले होते. मी सरांबरोबर गेलो, फुकटच्या बिस्किटांसाठी. पडद्यावर चित्रं दाखवत ते गृहस्थ सांगत होते, की अशा काचेत हीच माती, म्हणजे तिच्यातला मुख्य घटक, मोजून घालतात, आणि मग ती ओलाव्याला दाद देत नाही. अगदी सहज सांगत होते, भाजीत गूळ घालावा तसं. भेसळ वगैरे शब्द कुणाच्या तोंडीही नव्हता. सर पहिल्या रांगेत होते. व्याख्यान संपल्यावर प्रश्न विचारा म्हणाले, तर सरांनी हात वर केला नाही. घरी येताना सप्तापूरच्या चढावर थांबले आणि म्हणाले, “तिनं सांगितलं होतं हेच.” मी म्हटलं, “सांगितलं होतं.”

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एका सकाळी ते माझ्या दारात उभे. “तुमची स्कूटर हुबळीपर्यंत जाते का?” माझी स्कूटर विमानतळाच्या धावपट्टीवर घातली असती तर उडाली असती, असं मी सगळ्यांना सांगत असे. प्रत्यक्षात ती नवनगरला दोनदा बंद पडली. विद्यानगरात गिरिजाचं घर होतं. नवऱ्याचं गोकुळ रोडला लेथचं वर्कशॉप, ती घरी मुलांच्या सायन्सच्या शिकवण्या घ्यायची. केस पिकायला लागले होते. “बर्री, बर्री सर!” या, या म्हणत ती धावत आली, वाकून नमस्कार केला, उपीट केलं. सरांनी उपिटाचं कौतुक केलं, वर्कशॉपची चौकशी केली, भिंतीवरच्या कॅलेंडरचंही कौतुक केलं. मी खुर्चीत चुळबुळ करत होतो. शेवटी कप खाली ठेवून ते म्हणाले,

“गिरिजा, ती काच माझी नव्हती, हे खरंच होतं. पण मूस तू आणलीस. ओतली तू. तुझी आहे का, हे मी तुला विचारलंच नाही.”

गिरिजा पदराशी चाळा करत राहिली. आत कुकरची शिट्टी झाली, तिकडं तिनं लक्ष दिलं नाही.

“होती, सर,” ती म्हणाली.

“हं.”

“माझीच होती.”

तिच्या आवाजात राग नव्हता, पण माफीही नव्हती, आणि सर ती मागायला आलेही नव्हते. ते नुसते मान हलवत राहिले, तोंडी परीक्षेत विद्यार्थ्यानं बरोबर उत्तर दिल्यावर हलवावी तशी. मग तिनंच विचारलं, “तो जुना तुकडा आहे का अजून?”

“नाही. पत्र टाकून आलो आणि मागच्या विहिरीत फेकला.”

गिरिजा आधी त्यांच्याकडं बघत राहिली, आणि मग तिला हसू आलं. हसता हसता डोळ्यांना पदर लावला. “मग असेल की, सर. पाण्यानं काय होणार तिला? असेल तशीच.”

परतीच्या वाटेवर स्कूटर एकदाही बंद पडली नाही, हे कुणाला खोटं वाटलं तर वाटो.

त्याच आठवड्यात सरांचा मुलगा येऊन दोघांना पुण्याला घेऊन गेला. तिथून सर परत आले नाहीत. पण सर म्हटलं की मला आठवतात ते हुबळीहून आल्याच्या दुसऱ्या सकाळचे. उन्हं चढली होती. मागच्या आवारात सर विहिरीच्या काठावर वाकून उभे होते, हातात वैनींचा भिंतीवरचा आरसा. विहिरीत घागर पडली की आमच्याकडं असंच करतात. आरशानं ऊन आत पाडायचं, कवडसा तळाशी फिरवायचा आणि घागर कुठं आहे ते बघायचं.

“काय सर, घागर पडली का?”

“जरा हा आरसा धरा,” ते म्हणाले. “माझा हात हलतो.”

मी आरसा धरला. कवडसा हिरव्या पाण्यात उतरला. दगड दिसले, शेवाळ दिसलं, एक फुटकी कळशी दिसली. सर छातीपर्यंत वाकून बघत होते. मला त्या म्हाताऱ्या पाठीकडं बघवेना.

“दिसली सर,” मी म्हटलं. “ती काय, कळशीच्या डावीकडं. लख्ख आहे.”

“खोटं बोलता, वकीलसाहेब,” मान वर न करता ते म्हणाले. “इतकी स्वच्छ काच पाण्यात दिसत नसते.”

मी आरसा खाली घेऊ लागलो.

“राहू द्या,” सर म्हणाले. “हलवू नका.”